न दुखणारी सूज : टमी टकनंतर साचणारे पाणी आणि ड्रेनची निगा

टमी टक या नावाने परिचित असलेल्या शस्त्रक्रियेत, जिला वैद्यकीय परिभाषेत ॲब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात, ओटीपोटाच्या तळाशी कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत छेद घेतला जातो, त्वचा व तिच्याखालचा चरबीचा थर पोटाच्या स्नायूंवरील घट्ट आवरणापासून सोडवत बरगड्यांच्या दिशेने वर उचलला जातो, गरोदरपणात फाकलेले मध्यरेषेचे स्नायू टाके घालून जवळ आणले जातात, आणि शेवटी जादा त्वचा काढून उरलेला थर खाली ओढून शिवला जातो. बाहेरून दिसते ती केवळ खालच्या टाक्यांची रेषा. प्रत्यक्षात पोटाच्या पुढच्या भागाचे दोन थर मोठ्या क्षेत्रावर एकमेकांपासून अलग झालेले असतात, आणि ते पुन्हा चिकटेपर्यंत त्यांच्यामध्ये एक पोकळी राहते. या शस्त्रक्रियेनंतरच्या निगेतील बहुतेक प्रश्न टाक्यांच्या रेषेपेक्षा या न दिसणाऱ्या पोकळीशी अधिक निगडित असतात, आणि रुग्णाला तसे आधी सांगितले गेलेले नसले तर पुढचा गोंधळ जवळपास अटळ होतो.

थर सोडवताना त्यांतून जाणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या, म्हणजे पेशींभोवतीचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या, तुटतात. तुटलेल्या टोकांतून आणि जखम भरून येण्याच्या प्रक्रियेतील दाहामुळे पिवळसर, पातळ द्रव पाझरत राहतो आणि तो पोकळीत जमा होतो. अशा साठ्याला सिरोमा म्हणतात. रक्ताची गाठ किंवा पू यांपासून तो वेगळा असतो, परंतु दीर्घकाळ तसाच राहिला तर त्यात जंतुसंसर्ग होऊ शकतो, वरच्या त्वचेवर ताण येऊ शकतो आणि टाके उसवू शकतात. टमी टकनंतरच्या गुंतागुंतींमध्ये हीच सर्वाधिक आढळणारी आहे. वजन जास्त असलेल्या, फार मोठे वजन घटवून आलेल्या किंवा त्याच वेळी लायपोसक्शन करून घेतलेल्या रुग्णांमध्ये तिची शक्यता वाढते.

ज्या एका वैशिष्ट्यामुळे ही गुंतागुंत फसवी ठरते ते असे, की थर उचलताना त्वचेला संवेदना देणाऱ्या बारीक नसाही कापल्या जातात आणि बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो. दुखणे वाढले की काहीतरी बिघडले, हा सर्वसामान्य माणसाचा आयुष्यभराचा आडाखा येथे निकामी होतो, कारण बधिर त्वचेखाली भरपूर पाणी साचले तरी ते दुखेलच असे नाही. म्हणून वेदनेची जागा मोजमापाने आणि डोळसपणे पाहण्याने घ्यावी लागते.

मोजमापाचे साधन म्हणजे ड्रेन. पोकळीत ठेवलेली, बाजूला छिद्रे असलेली मऊ नळी त्वचेतील छोट्या छिद्रातून बाहेर येते आणि एका दाबता येणाऱ्या पात्राला जोडलेली असते. हे पात्र दाबून, आतील हवा काढून बंद केले की ते पुन्हा फुगण्याचा प्रयत्न करते आणि त्या ओढीने आतला द्रव बाहेर खेचला जातो. पात्राचा आकार कुठे डाळिंबाएवढ्या रबरी फुग्याचा असतो, जो जॅक्सन आणि प्रॅट या अमेरिकी डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो, तर कुठे चुण्या असलेल्या प्लॅस्टिकच्या डबीचा, तत्त्व एकच. ही ओढ द्रव बाहेर काढतेच, शिवाय दोन थर एकमेकांवर टेकवून ठेवते, आणि थर टेकलेले राहिले तरच ते चिकटतात. फुगलेले, ओढ नसलेले पात्र हे नळीला बांधलेले ओझे ठरते. त्यातून थोडा द्रव ठिबकत असला तरी त्याचे मुख्य काम थांबलेले असते.

या शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रियांच्या सांगण्यात एक घटनाक्रम वारंवार येतो, आणि वेगवेगळ्या घरांत घडूनही तो इतका सारखा असतो की येथे एकत्र मांडणे योग्य ठरेल. रुग्ण दोन नळ्या घेऊन घरी येते. सकाळी पती पात्र रिकामे करतो, दुपारी नणंद किंवा आई, आणि रात्री ज्याला आठवेल तो. बाहेर आलेला द्रव न मोजता बेसिनमध्ये ओतला जातो. ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टर विचारतात, रोज किती येते, आणि उत्तर मिळते, ‘आता थोडंच येतंय.’ नळ्यांचा जाच, कपड्यांतून त्या दिसण्याचा संकोच, अंघोळीची ओढ, घरातले ठरलेले एखादे कार्य यांमुळे रुग्ण नळी काढण्याचा आग्रह धरते आणि नळी निघते. सुटल्यासारखे वाटून ती स्वयंपाकघरात उभी राहू लागते, लहान मुलाला उचलते, आणि काही दिवसांनी बेंबीखाली पोट पुन्हा पुढे आल्यासारखे दिसते. शस्त्रक्रियेनंतरची सूज आहे, उतरेल, असे घरचे सांगतात; पोटाला आधारासाठी बांधलेला बेल्ट आणखी एक हूक घट्ट केला जातो; कुशीवर वळताना आत काहीतरी डुचमळते, पण दुखत नाही आणि ताप नाही म्हणून पुढच्या तपासणीपर्यंत थांबले जाते. तोपर्यंत साठा मोठा झालेला असतो आणि एका नळीने आणखी काही दिवसांत सुटला असता असा प्रश्न अनेक आठवड्यांच्या फेऱ्यांचा होतो.

या क्रमात कोणाचाही बेफिकीरपणा नाही. प्रत्येकजण सद्भावनेने वागतो. उणीव असते ती माहितीची, आणि ती भरून काढण्यासाठी एक साधी वही पुरेशी असते. प्रत्येक नळीसाठी वेगळा रकाना, उजवी व डावी अशी स्पष्ट खूण, तारीख, वेळ, मिलिलिटरमध्ये मोजलेला द्रव आणि त्याचा रंग, एवढ्याच नोंदी दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी करायच्या असतात. पात्रावरील खुणा ढोबळ असतात, त्यामुळे द्रव मापाच्या कपात ओतून मोजणे अधिक विश्वासार्ह, आणि हे काम एकाच व्यक्तीकडे असणे हिताचे. नळी केव्हा काढायची याचा बहुतेक शल्यविशारदांचा निकष चोवीस तासांतील एकूण द्रवावर आधारलेला असतो: एका नळीतून सलग दोन दिवस सुमारे ३० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आला तर उरलेला पाझर शरीर स्वतः शोषून घेईल असे मानले जाते, जरी हा आकडा प्रत्येक डॉक्टरागणिक थोडा कमीअधिक असतो. साधारणतः एक ते दोन आठवडे नळ्या राहतात. ‘थोडंच’ या शब्दात १५ मिलिलिटरही बसतात आणि ७० सुद्धा. म्हणूनच वहीशिवाय घेतलेला निर्णय हा अंदाज असतो. उलट, निकष पूर्ण झाल्यावरही भीतीपोटी नळी ठेवून घेणे चुकीचे, कारण नळी ही त्वचेतून आत जाणारी वाट आहे आणि ती जितकी जास्त दिवस उघडी, तितकी जंतूंना संधी अधिक.

पात्र रिकामे करण्यापूर्वी साबणाने हात धुणे, झाकणाच्या तोंडाला आतून बोट न लावणे, द्रव ओतल्यावर पात्र पूर्ण दाबून दाबलेल्या स्थितीतच झाकण लावणे, हा क्रम डिस्चार्जपूर्वी परिचारिकेसमोर स्वतः करून पाहिलेला असावा. नुसता ऐकलेला पुरत नाही. पात्र नेहमी नळीच्या छिद्रापेक्षा खालच्या पातळीवर असावे आणि कपड्याला किंवा बेल्टला पिनेने अडकवलेले असावे, म्हणजे उठताना नळी ओढली जात नाही. पिन मात्र पात्राच्या पट्टीतून घालावी, नळीतून कधीही नाही. द्रव नसताना पात्र थोड्याच वेळात पुन्हा फुगत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे, म्हणजे झाकण, जोड किंवा त्वचेजवळचे छिद्र यांपैकी एक ठिकाण तपासावे लागते. चांगला चालू असलेला निचरा एकाएकी थांबला तर तो आनंदाचा विषय समजू नये. रक्ताच्या बारीक गुठळ्या किंवा तंतूंनी नळी अडली की द्रव नळीभोवतीने ड्रेसिंगवर झिरपतो किंवा आतच साचतो, आणि वहीतला आकडा खोटा दिलासा देतो. अशा वेळी एका हाताने त्वचेजवळ नळी घट्ट धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती पात्राच्या दिशेने चेपत नेल्यास गुठळी पुढे सरकते. ही कृती शिकवली गेली असेल तरच करावी, आणि नळी आत ढकलण्याचा किंवा तिच्यात पाणी सोडण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये.

द्रवाचा रंग सुरुवातीला लाल, मग गुलाबी आणि त्यानंतर गवती पिवळा होत जातो. हा क्रम उलटला, म्हणजे पिवळ्यानंतर पुन्हा ताजे लाल रक्त वेगाने येऊ लागले आणि त्याबरोबर पोटाची एक बाजू झपाट्याने टणक होऊ लागली, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते आणि त्यासाठी सकाळची वाट पाहायची नसते. गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त द्रव, छिद्राभोवती पसरणारी लाली, थंडी वाजून येणारा ताप ही संसर्गाची चिन्हे होत. एका बाजूची पोटरी सुजणे आणि दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे यांचा ड्रेनशी संबंध नसला तरी या शस्त्रक्रियेनंतर शिरांत रक्त गोठण्याचा धोका असल्याने ती सर्वांत तातडीची लक्षणे आहेत.

हालचालीबाबत दोन टोके टाळावी लागतात. रक्त गोठू नये म्हणून पहिल्या दिवसापासून कमरेत थोडे वाकून, सावकाश, थोडे थोडे चालणे आवश्यक असते. परंतु खाली वाकणे, उचलणे, पिळणे, जिने वारंवार चढणे यांनी अर्धवट चिकटलेले थर एकमेकांवर घासले जातात आणि पाझर वाढतो. काम वाढलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी वहीतला आकडा चढलेला दिसतो, आणि कोणत्याही उपदेशापेक्षा हा पुरावा रुग्णाला अधिक पटतो. बेल्टचा उद्देश थर टेकलेले ठेवणे हा आहे. महाराष्ट्रात बाळंतिणीचे पोट जुन्या सुती साडीने किंवा पट्ट्याने करकचून बांधण्याची रीत आहे आणि तीच समजूत येथेही आणली जाते. पण उचललेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो, आणि अतिघट्ट बेल्टने तो आणखी घटून बेंबी व टाक्यांमधला भाग काळपट पडू शकतो. बेल्टखाली चुण्या व नळीचे वेटोळे राहू नयेत आणि बोटे आत शिरतील इतकी सैल जागा असावी. शेकाच्या बाबतीत तर याहून अधिक काटेकोर राहावे लागते. सूज उतरावी म्हणून प्रेमाने दिलेली गरम पाण्याची पिशवी, शेगडीचा शेक किंवा तव्यावर गरम केलेले फडके बधिर त्वचेला भाजते आणि रुग्णाला ते कळतही नाही. फोड आल्यावरच लक्षात येते. बर्फाबद्दलही हीच सावधगिरी लागू आहे.

आहारातील एक समजूत विशेष हानिकारक आहे. डाळ, भात, अंडी किंवा आंबट खाल्ल्याने जखमेत पू होतो असे मानून रुग्णाला पेज आणि साध्या भाजीवर ठेवले जाते, वास्तविक पाझरणाऱ्या द्रवातून शरीर रोज प्रथिने गमावत असते आणि जखम भरण्यासाठी त्यांचीच गरज असते. वरण, उसळी, दही, पनीर, अंडी, मासे यांपैकी जे घरात चालते ते पुरेशा प्रमाणात देणे हेच येथे पथ्य होय. तंबाखू, मिश्री आणि धूम्रपान यांतील निकोटीन त्वचेचा रक्तपुरवठा आकसवते. मिश्री ही अनेक स्त्रिया व्यसन मानत नसल्याने डॉक्टरांना सांगायचे राहून जाते, ते राहू नये.

नळी निघाल्यानंतरचे पहिले दोन ते तीन आठवडे खरे लक्ष देण्याचे असतात. दररोज एकाच वेळी, उताणे झोपून आणि मग उभे राहून पोट आरशात पाहावे. सर्वसाधारण सूज सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते व दाबल्यावर टणक लागते. साचलेले पाणी मात्र एका ठिकाणी फुगवटा करते, एका बाजूने टिचकी मारल्यास दुसऱ्या बाजूला लाट जाते, कूस बदलली की जागा बदलते. शंका आल्यास सोनोग्राफीने काही मिनिटांत निर्णय होतो. उपचार बहुधा दवाखान्यातच होतो: जाडसर सुई व सिरिंजने पाणी ओढून घेतले जाते, आणि ज्या बधिरपणाने निदान लांबवले तोच येथे उपयोगी पडून सुई फारशी जाणवत नाही. एकदा काढलेले पाणी पुन्हा साचणे हे अपयश नव्हे; काही दिवसांच्या अंतराने ते पुन्हा काढावे लागते, आणि प्रत्येक वेळचा आकडा आधीपेक्षा उतरत असेल तर दिशा बरोबर आहे. आकडा उतरतच नसेल तर पुन्हा नळी घालणे किंवा पोकळीत डॉक्सिसायक्लिनसारखे औषध सोडून तिच्या भिंती चिकटवणे हे पर्याय येतात. फार दिवस दुर्लक्षित राहिलेल्या साठ्याभोवती शरीर तंतुमय आवरण तयार करते. मग सुईने पाणी काढले तरी पिशवी तशीच राहते आणि ती शस्त्रक्रियेने काढावी लागते. घरी सुई टोचून पाणी काढण्याचे धाडस काहींनी केल्याचे ऐकू येते. त्यातून संसर्ग आत नेला जातो, तो मार्ग पूर्णतः वर्ज्य आहे.

शस्त्रक्रिया ठरवतानाच विचारण्याजोगा एक प्रश्न असा, की पोकळी बंद करण्यासाठी आतून टाके घातले जाणार आहेत का. ब्राझीलचे बारौदी आणि फेरेरा यांनी १९९८ मध्ये उचललेला थर खालच्या आवरणाला जागोजागी शिवण्याची, गोधडीच्या टाक्यांसारखी पद्धत मांडली, आणि २००० मध्ये अमेरिकेतील पोलॉक व पोलॉक यांनी ताण टप्प्याटप्प्याने वाटून घेणाऱ्या टाक्यांचे तंत्र प्रसिद्ध केले. या तंत्रांनी सिरोमाचे प्रमाण घटते आणि काही शल्यविशारद त्यांच्या आधारे ड्रेन टाळतातही. मात्र ड्रेन नसला म्हणजे वहीतला आकडाही नसतो, त्यामुळे अशा रुग्णाने पोट पाहण्याचा नेम पहिल्या दिवसापासूनच ठेवावा लागतो.

लहान गावातून पुण्यामुंबईला किंवा परदेशातून सुट्टीत येऊन ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी परतीचे तिकीट नळ्या निघण्याच्या अंदाजावर न काढता, नळ्या निघाल्यानंतरच्या किमान दोन आठवड्यांचा मुक्काम धरून काढावे. तेही शक्य नसेल तर परतण्यापूर्वी शस्त्रक्रियेची तारीख, आतून टाके घातले आहेत की नाही, लायपोसक्शन झाले का, प्रत्येक नळी कोणत्या दिवशी किती द्रवावर काढली, हे सारे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे आणि गावातील ज्या सर्जनकडे गरज पडल्यास जायचे त्यांना ते कार्ड वहीसह आधीच दाखवून ठेवावे.