एक कारखाना, तीन हिशेब

गगनबावड्याकडं आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ऊसही आहे आणि म्हैसही. उसाचं वाढं म्हशीपुढं पडतं, शेण उसाला जातं. पण वहीत ना वाढ्याची किंमत लागते, ना शेणाची. मग दूध परवडतं की नाही, सांगणार कसं?

मोठ्या उद्योगांनाही हाच पेच पडला. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने 1970 च्या सुमारास आपल्या पसाऱ्याचे स्वतंत्र व्यवसाय-घटक पाडले. प्रत्येकाचा माल, गिऱ्हाईक व हिशेब वेगळा; भांडवल कुणाला द्यायचे ते मात्र वरून ठरे. आपल्याकडे वारणानगरला साखर, दूध, बझार अशा वेगळ्या संस्थाच उभ्या राहिल्या. तो मार्ग निराळा.

साखर, डिस्टिलरी आणि वीज एकाच कारखान्यात असली, की खरी मेख मळीत असते. जुन्या पद्धतीने टन उसामागे साधारण 40 ते 45 किलो मळी निघते. ती डिस्टिलरीला स्वस्त लावली, की डिस्टिलरी फायद्यात आणि साखर तोट्यात दिसते. संस्था एकच, मग बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. पण 2012 च्या रंगराजन समितीने साखर, मळी, बगॅस व प्रेसमडच्या उत्पन्नातील 70 टक्के वाटा ऊसदरासाठी सुचविला. या हिशेबात मळीचा भाव कमी धरला तेवढा आपला वाटा घटतो. डिस्टिलरीच्या नफ्यातून तो आपोआप परत येत नाही.

म्हणून अहवाल हाती आला, की आम्ही आधी मळी आणि बगॅस कोणत्या दराने वर्ग केली ते पाहतो. बाजारभावाशी ताडून फरक दिसला, तर वार्षिक सभेला प्रश्न लेखी द्यावा.