कोटेशनमध्ये नसलेला खर्च

दादाचा लिम्फोमा पुन्हा उलटला आणि डॉक्टरांनी कार-टी या पेशी-उपचाराचं नाव काढलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टीला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत २०१७ साली किमराया ही कार-टी आली तेव्हा तिची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. इथे सगळं देशातच बनत असल्याने आकडा तीस-चाळीस लाख रुपयांच्या घरात आला. पेपरवाले याला स्वस्त म्हणतात. शेतीवर चालणाऱ्या घरात तो जमिनीचाच भाव असतो.

शिवाय हा आकडा नुसत्या पेशींचा. रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, वाढवायच्या आणि परत सोडायच्या. तोवर रोग आवरायला केमो लागते, पेशी सोडण्याआधी पुन्हा वेगळी केमो, आणि नंतर ताप चढून रक्तदाब पडला तर आयसीयू. त्या तापावरचं टोसिलिझुमॅब इंजेक्शनही स्वस्त नाही. या पेशी निरोगी बी-पेशींनाही मारतात, त्यामुळे काहींना नंतर बरेच महिने इम्युनोग्लोब्युलिन घ्यावं लागतं. हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहावं लागतं ते वेगळंच. म्हणून एस्टिमेट मागताना ‘पेशींपासून घरी जाईपर्यंत, गुंतागुंत धरून’ असं म्हणा आणि लेखी घ्या.

विम्याचं आधीच विचारा. आमच्या कंपनीने ‘आधुनिक उपचारांची मर्यादा’ दाखवून मोठी रक्कम कापली. ती अट पॉलिसीच्या आतल्या पानावर होती. एजंटच्या तोंडी कधी आली नव्हती.

पेशी काढताना दादाच्या ओठांना मुंग्या आल्या. नर्सने कॅल्शियम दिलं, थांबलं. पेशी सोडल्यावर ती रोज त्याच्याकडून एक वाक्य लिहून घ्यायची. ‘आज भात मऊ होता’ असं तो लिहायचा. एका सकाळी अक्षर घसरलं, तर तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं. मेंदूवरचा परिणाम आधी अक्षरात दिसतो, हे आम्हाला तेव्हा कळलं. सोबतच्या माणसाने बडबड, झोपाळूपणा, शब्द न आठवणं यांवर नजर ठेवावी. ‘दमला असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

एक आणखी. नेक्सकार१९ची परवानगी बी-पेशींच्या लिम्फोमा-ल्युकेमियासाठी आहे, तीही आधीचे उपचार हरल्यावर. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरला ‘सेल थेरपी’ देतो म्हणून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर आधी आपल्या ऑन्कोलॉजिस्टला विचारा. मात्र आपला आजार त्यात बसत असेल तर रेंगाळू नका. केमोच्या फेऱ्या वाढत गेल्या की चांगल्या टी-पेशी मिळणं अवघड होतं.

पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांचे अर्ज उपचार सुरू होण्याआधी, हॉस्पिटलच्या एस्टिमेटसह द्या. मदत हॉस्पिटलच्या खात्यात जाते. भरून झालेल्या बिलांवर ती मिळत नाही.