अल्प खर्चात ‘सवाई’

परतवाड्याच्या विद्यार्थ्याने पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव ऐकण्यास जावे काय? अवश्य जावे, मात्र आधी हिशेब मांडावा.

पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पूर्वी मैफल रात्रभर रंगे. त्यामुळे परगावच्या श्रोत्यास मुक्कामाची चिंता नसे. मंडप हीच त्याची धर्मशाळा! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी आली. मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. परिणामी मुक्कामाचा खर्च वाढला आणि उत्तररात्रीचे राग त्या वेळी ऐकण्याचा योगही दुरावला. नियमाने झोप वाचली, पण गरीब रसिकाचा खिसा हलका झाला.

उपाय साधे आहेत. बडनेऱ्याहून आगगाडीचे आरक्षण लवकर करावे. खुर्चीऐवजी भारतीय बैठक घ्यावी. पुण्यात शिकणाऱ्या गावच्या मित्राच्या खोलीवर उतरावे. शिदोरीत दशम्या, ठेचा असावा. सर्व दिवस न परवडल्यास एकच निवडावा.

तेही न जमल्यास गुरुकुंज मोझरीस राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात खंजिरीभजन ऐकावे. तेथे तिकीट लागत नाही. आणि कान घडण्यास सुरुवात कोठूनही होते.