स्वावलंबनाचे तीन पाठ

बचत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पासबुक येते. बँकेत नोकरी करीत असल्याने आम्हीही खातेदारांना आवर्ती ठेवीचे महत्त्व सांगत असतो. परंतु बचतीची खरी सुरुवात घरात होते. घरी करता येण्याजोगी वस्तू रोज विकत आणताना आपण पैसे तर देतोच, शिवाय हातातील एक विद्याही गमावतो. आजीला येणारे काम नातवंडांना येईनासे होते. म्हणून चाळीत, वस्तीत वा सदनिकेत कोठेही करता येतील अशा तीन गोष्टींचा प्रस्तुत लेखात विचार करू.

पाठ पहिला : कचऱ्यातून भाजी

ओला व सुका कचरा घरीच वेगळा करणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बंधनकारक केले. हा ओला कचरा म्हणजे आपले भांडवल होय. जुन्या बादलीला तळाशी व बाजूंना भोके पाडावीत. तळाला सुका पाला पसरून त्यावर भाजीची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा टाकावा व प्रत्येक थरावर पुन्हा सुका पाला किंवा मूठभर माती घालावी. तेलकट अन्न, मांस, मासळी टाकू नये. आठवड्यातून एकदा ढवळावे. दुर्गंधी आल्यास ओल जास्त झाली असे समजून सुका पाला वाढवावा. दोन-तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते.

हे खत मातीत मिसळून पसरट कुंडीत भरावे व ती चार-पाच तास ऊन मिळेल तेथे ठेवावी. स्वयंपाकघरातील मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरल्यास चार-पाच दिवसांत कोंब दिसतात व महिनाभरात भाजी खुडता येते. धणे मात्र हलकेच रगडून, त्यांचे दोन भाग करून पेरावेत. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा धीर सोडू नये.

पाठ दुसरा : नाचणीचे सत्त्व

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. एवढे तांदळात किंवा गव्हात नसते. निवडून धुतलेली नाचणी रात्रभर भिजवावी, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधावी. मोड आले की सावलीत पूर्ण वाळवून, मंद आचेवर किंचित भाजून दळून आणावी व कोरड्या डब्यात भरावी. वाळवण्यात घाई केल्यास बुरशी धरते. एक मोठा चमचा सत्त्व कपभर गार पाण्यात कालवून मग शिजवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. शाळेला जाणाऱ्या मुलांना व वृद्धांना हे पेय उत्तम.

पाठ तिसरा : जुन्या कापडाची पिशवी

महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पण सवय गेली नाही. जुन्या पँटचा एक पाय मांडीपासून कापावा, उलटा करून खालचे तोंड दुहेरी शिवावे व पुन्हा सुलट करावा. कमरपट्टीचे दोन बंद लावले की बाजाराची पिशवी तयार! सुई धरणे मुलग्यांनीही शिकावे.

सर्वच वस्तू घरी कराव्यात असे आमचे म्हणणे नाही. साबणासाठी लागणारा कॉस्टिक सोडा कातडी व डोळे भाजतो. माहितीवाचून तो हाताळू नये. आजारपणात घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांकडेच जावे.

शेवटी एक महत्त्वाचा मुद्दा. 'घरी केले म्हणजे फुकट पडले' असा हिशेब आपण मांडतो, त्यात गृहिणीचे श्रम शून्य धरले जातात. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली व त्यातून 'लिज्जत' उभी राहिली. पापड घरोघरी लाटले जातच होते. त्या श्रमांचा मोबदला तेवढा या भगिनींनी मिळवला. आपल्या घरात पगार देता येणार नाही, पण काम वाटून घेता येईल. खताची बादली वडिलांनी ढवळावी, मेथीला पाणी मुलांनी घालावे, नाचणी सर्वांनी मिळून निवडावी. एकट्या गृहिणीच्या पाठीवर नवे ओझे टाकून साधलेली काटकसर ही काटकसर नव्हे. सर्वांचे हात लागतील तेव्हाच घर स्वावलंबी होईल. या रविवारी एका कुंडीपासून सुरुवात करूया!