वाचताना अडखळतो, पण ठिबक दुरुस्त करतो

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. वाचताना ओळ सुटते, ‘कमळ’चं ‘मकळ’ लिहितो. घरात आम्ही अहिराणी बोलतो. केळीच्या ठिबकमधला बिघाड मात्र चटकन शोधतो. शाळेत म्हणतात, ‘मतिमंदांच्या शाळेत घाला.’ काय करू?
– एक आई, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : ताई, ठिबकचा बिघाड हुडकणारा मुलगा मतिमंद असेल, असं मला वाटत नाही. ही अध्ययन अक्षमता असू शकते; तिचा बुद्धीशी किंवा आळसाशी संबंध नसतो. पण पत्रावरून निदान होत नाही. आधी डोळे-कान तपासा, मग जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. तिथे अहिराणीचं आवर्जून सांगा, नाहीतर भाषेची अडचणच अक्षमता म्हणून नोंदली जायची!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता आहे. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. अर्ज शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. नववीतच कागदपत्रं जमवा. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला त्याचं नाव कमी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. फारच कोंडी झाली तर मुक्त विद्यालयातून दहावी करता येते.

सगळ्यात गरज आहे ती त्याला आवडणाऱ्या एका मोठ्या माणसाची : मामा, कॉलेजातला शेजारी, कुणीही. त्यानं धडा मोठ्यानं वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावं, चुका मोजू नयेत. घरातल्यांच्या समोर बसावं, बंद दाराआड नको. आणि ‘महिन्यात गॅरंटीनं बरा करतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.