देणगी एकदाच की दरमहा? (गीता १७.२०)



आजचा श्लोक सतराव्या अध्यायातला विसावा. सात्त्विक दान कशाला म्हणायचं, ते भगवंत इथे सांगतात. भावार्थ असा: द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशाला दिलेलं, आणि देश, काळ, पात्र बघून दिलेलं. प्रवचनांत बहुतेक वेळा पात्रावर भर असतो आणि काळ म्हणजे ग्रहण, संक्रांत, एकादशी असं सांगून पुढे जातात. मला आज काळावरच थांबायचंय, कारण आमच्या गावच्या देवळाचा प्रश्न नेमका तिथेच अडलाय.

देऊळ लहान आहे. दगडी गाभारा जुना, पुढचा विटा-चुन्याचा सभामंडप नंतरचा. शिखराच्या सांध्यात पिंपळ उगवलाय आणि मंडपाचं छत गळतं. अशात एका सधन भाविकांनी गाभाऱ्यात ग्रॅनाइट बसवून द्यायची तयारी दाखवली आहे, दाराशी नावाची पाटी लावायच्या अटीवर. माणूस श्रद्धाळू आहे, हेतूही चांगला. पण गळतं छत, आणि पैसे जमिनीला! शिवाय फरशी दोन इंच वर आली की अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ बुजणार आणि खांबांच्या तळाचं कोरीवकाम झाकलं जाणार. गळक्या छतासाठी पाटी लावून देणारा मात्र अजून कोणी भेटलेला नाही.

जुन्या वास्तूची भूक बारीक आणि रोजची असते. पावसाळ्याआधी छतावरची पानं काढणं, पन्हळी मोकळ्या करणं, पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट उपटणं. हे काम शे-दोनशे रुपयांच्या मजुरीत होतं. पाच वर्षं थांबलं तर तेच मूळ चिरे सरकवतं आणि मग लाखांची गोष्ट होते. चुन्याच्या जुन्या भिंतीला घाईघाईत सिमेंट फासलं तर ओल आत अडकते आणि दगड-वीट झिजायला लागते, म्हणून चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा लागतो. तो यात्रेच्या आदल्या आठवड्यात मिळत नाही. म्हणजे काळ बघून देणं याचा इथला अर्थ: वास्तूला लागतं तेव्हा हाताशी पैसे असणं. आणि ते दरमहा येणाऱ्या वर्गणीशिवाय जमत नाही.

ही कल्पना नवी नाही बरं का. नाशिकच्या पांडवलेण्यांत गेलात तर १० नंबरच्या लेण्यात नक्की थांबा. तिथे नहपान राजाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्खूंना लेणं दिलं आणि सोबत ३,००० कार्षापणांची कायमची ठेव दिली. ती गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: २,००० दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण.

आता हिशेब करा. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. भागिले २०, बरोबर १२. एक नाणं कमी नाही, एक जास्त नाही. मी कोड तपासतो तसा हा लेख दोनदा तपासला आणि मनापासून हात जोडले. याच माणसाने ब्राह्मणांना गायी आणि गावंही दिली, तीही तिथेच कोरली आहेत. म्हणजे नाव कोरणं त्याला वर्ज्य नव्हतं. कार्ल्याच्या चैत्यगृहातही कितीतरी खांबांवर ते देणाऱ्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकटचे यवनही आहेत. त्यामुळे ‘पाटी लावली म्हणजे राजस दान’ इतका सोपा निवाडा मी करणार नाही. उषवदाताने आधी राहणाऱ्याची गरज मोजली, मग रक्कम ठरवली. आमच्या ग्रॅनाइटमध्ये ते मोजणंच राहून गेलंय.

म्हणून विश्वस्त असलेल्या तात्यांना मी असं सुचवलंय: दरमहा २०० रुपये देणारे ३० सभासद. महिन्याला ६,०००. त्यात साफसफाई, दिवाबत्ती, पावसाळ्याआधीची डागडुजी, आणि उरेल ते चुन्याच्या कामासाठी बाजूला. यूपीआयवर ऑटोपे लावून टाकायचं. तात्या म्हणाले, “अरे, पोरं दोन महिने देतील, मग विसरतील.” म्हटलं, “तात्या, म्हणूनच तर ऑटोपे!”

तुमच्या गावच्या देवळासाठी असं काही करणार असाल तर आधी न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का आणि लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवतात का, हे विचारा. पावती मागायला लाजू नका. सभासदाला मत आहे की नुसती पावती, तेही न्यासाच्या घटनेत बघा. वास्तू संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय एक चिराही हलवता येत नाही, तिथे उत्साह आवरा. ८०जीची वजावट हवी तर न्यासाला तशी मान्यता लागते आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख चालत नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावट मिळतच नाही. परतफेडीची तेवढी एक आशा सरकारनेच काढून घेतली, श्लोकाच्या दृष्टीने उत्तमच झालं म्हणायचं!

ग्रॅनाइटवाल्या भाविकांशी तात्या या रविवारी बोलणार आहेत. तीच रक्कम छतासाठी द्याल का, पाटी मंडपात लावू, असं विचारणार आहेत. सभासदांच्या यादीत सध्या ११ नावं आहेत. पिंपळ अजून मनगटाएवढाच आहे.

उद्या श्लोक २१, राजस दान.

जय हरी.