मशीन नंतर, आधी वायर

जयसिंगपूर

चि. भाचेबुवांस,

तू पाठवलेले तीन फोटो बघितले. तिन्ही मशीन दिसायला झकास, तिन्हींवर 200 हा आकडा ठळक, आणि खाली तुझा एका ओळीचा प्रश्न, "मामा, यातलं कुठलं घेऊ?" चौथा फोटो तू पाठवला नाहीस. ज्या बोर्डात हे मशीन खुपसणार, त्या बोर्डाचा. गोठ्यामागच्या शेडात जी वायर गेली आहे ती मीच ओढली होती, एक बल्ब आणि एक पंखा चालावा म्हणून. तिच्यावर वेल्डिंग मारायला लागलास तर रॉडच्या आधी वायर वितळेल.

हे मी शिकलो ते गल्लीच्या शिव्या खाऊन. 1987 साली इचलकरंजीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं 300 अँपिअरचं मशीन आणलं. मोठं मशीन म्हणजे मोठं काम, एवढीच अक्कल होती. दोन फेजवर जोडलं आणि रविवारी सकाळी पहिला रॉड टेकवला. त्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी आर्क काढला की गल्लीभरच्या टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आत ओढलं जायचं आणि बल्ब पिवळे पडायचे. तिसऱ्या रॉडला दारात बारा-पंधरा माणसं उभी. एक आजीबाई म्हणाल्या, "बाबा, वनवासातनं परत येऊ दे त्यांना, मग मार काय मारायचं ते." पुढं दीड वर्ष रविवारी सकाळी माझं वर्कशॉप बंद.

तुझ्या फोटोतलं इन्व्हर्टर मशीन गल्लीला इतका त्रास देणार नाही, पण हिशेब तोच आहे. 100 अँपिअरवर रॉड जळताना आर्कला साधारण 24 व्होल्ट लागतात, म्हणजे 2400 वॅट. मशीनमधली घट धरून 3000 म्हण. साध्या इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर 0.7 च्या आसपास असतो, त्यामुळं 230 व्होल्टवर तो लाइनमधून जवळजवळ 19 अँपिअर ओढतो. आणि तुमच्याकडं संध्याकाळी 230 असतात कुठं? 170 वर आले की तेवढ्याच कामाला हेच मशीन 25 अँपिअर ओढायला बघतं. तुझ्या बोर्डातला सॉकेट 16 चा. आता कळलं, मी बोर्डाचा फोटो का मागतोय?

म्हणून पहिला खर्च मशीनचा नाही. मीटरपासून शेडापर्यंत सहा चौरस मिलीमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, तिला 32 अँपिअरचा एमसीबी, आरसीसीबी, आणि शेडाजवळ नीट खड्डा घेऊन अर्थिंग. वायरमन लायसनवाला बघ. बिलावर मंजूर भार किती लिहिलाय तो वाच आणि कमी असेल तर महावितरणकडं वाढवून घे. घरापुरतं काही जोडशील तोवर ठीक, पण दारात गिऱ्हाईक यायला लागलं की घरगुती मीटरवर धंदा चालेलच असं नाही. 2003 च्या विद्युत कायद्यातलं कलम 126 त्यासाठीच आहे आणि त्याची आकारणी दुप्पट दरानं होते. शेतीपंपाच्या लाइनवर आकडा टाकून तीन फेज घ्यायचा सल्ला तुला गावात दहा जण देतील. त्यांना चहा पाज आणि घरी पाठव.

अर्थिंगवरून आठवलं. मशीनबरोबर जो चिमटा येतो त्याला सगळे 'अर्थ' म्हणतात. तो अर्थ नव्हे, तो करंट परत यायचा रस्ता आहे. खरा अर्थ म्हणजे मशीनच्या पत्र्याला जोडलेली तिसरी तार. 'अर्थ लावलाय की' म्हणत लोक तिसरी पिन मोडून टाकतात आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून मशीनला हात लावतात. तो चिमटाही जोडाजवळच लावायचा. ट्रॉलीची बॉडी जोडताना तो चाकाला लावलास तर करंट बेअरिंगमधून जाईल आणि गोळ्यांवर खड्डे पडतील. ट्रॅक्टरवर काही मारायचं असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडव.

आता मशीन. पहिल्या वर्षी तू काय जोडणार, ते सांगायला माझ्यासारखा ज्योतिषी नाही. दोघातिघांचं गेट, खिडकीचं ग्रिल, आक्काच्या तुळशीचा स्टँड, कुणाच्या तरी कडबाकुट्टीचा तुटलेला पाय. म्हणजे 16 किंवा 18 गेजची चौकोनी पाइप, पाच मिलीमीटर जाडीचा अँगल, पट्टी. याला बारा नंबरचा रॉड, 60 ते 90 अँपिअर, आणि अँगलला दहा नंबरचा, 90 ते 130. संपलं. 400 अँपिअरचं मशीन घेणं म्हणजे दूध आणायला ट्रक काढणं. 18 गेजच्या पाइपला बारा नंबरनं भोकं पडायला लागली तर चौदा नंबरचा रॉड आण आणि 45-50 वर ये. भोकं पडणार. माझीही पडली. त्यात मशीनचा दोष काढू नकोस.

मशीनच्या मागच्या पाटीवर एक टक्का लिहिलेला असतो, पुढच्या ठळक आकड्यापेक्षा तो वाच. 200 अँपिअरला 60 टक्के, 40 अंश तापमानाला, याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं विसावा. अशा मशीनवर 155 अँपिअरला अखंड काम करता येतं. पाटीवर टक्का नसेल, किंवा तापमान लिहायचं टाळलं असेल, तर समज की नाव 200 चं आणि दम 120 चा. दुकानदाराशी वाद घालू नकोस. पिशवीत दहा नंबरचे पाच रॉड आणि एक जाड पट्टी घेऊन जा, 120 वर लाव आणि पाचही लागोपाठ जाळून दाखवा म्हण. चांगलं मशीन कुरकुरत नाही. जे दुकान रॉड जाळून दाखवायला तयार नाही तिथं नुसते होल्डर आणि चष्म्याचे दर विचारून बाहेर ये.

दुसरं, किती कमी व्होल्टला चालतं ते विचार. 160 पर्यंत तग धरणारं मशीन तुझ्या कामाचं. रॉड चिकटला की करंट आपोआप पाडणारी सोय असेल तर शिकाऊ माणसाला बरी. केबल मात्र बरोबर येते तिच्यावर जाऊ नकोस. ती बहुधा दोन हात लांब आणि वरून तांबं चढवलेल्या ॲल्युमिनियमची असते. 25 चौरस मिलीमीटरची अस्सल तांब्याची वेगळी घे. आणि वायरचं वेटोळं उलगडूनच वापर, गुंडाळलेलं तापतं.

तुझे मित्र मिग घे म्हणत असतील. पत्र्याच्या कामाला मिगसारखं सुख नाही, हे मीही मानतो. पण त्यात कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आला, तो भरून आणणं आलं, आणि तुझं शेड तिन्ही बाजूंनी उघडं, नदीकडचा वारा गॅस उडवून नेणार. गॅसशिवायची तार मिळते, पण ती महाग आणि धूर फार. दोन वर्षांनी बघू. टिगचं नाव सध्या काढू नकोस.

इन्व्हर्टर की जुनं तांब्याचं ट्रान्सफॉर्मर, यावर माझं मन अजून दोन्हीकडं ओढतं. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगा कुरुंदवाडात शिरल्या तेव्हा माझं तेच 300 चं मशीन तुमच्या शेडात होतं. आक्काची शिलाई मशीन, धान्य, तुझी पुस्तकं माळ्यावर गेली. ते मशीन चौघांना हललं नाही, पाण्यात राहिलं. पाणी ओसरल्यावर मी ते खोललं, धुतलं, बल्ब लावून आठवडाभर सुकवलं, वाइंडिंगला नवं वॉर्निश मारलं, आणि ते चालू झालं. इन्व्हर्टरचं कार्ड पाण्यात गेलं की गेलं. पण इन्व्हर्टर सात-आठ किलोचा, तू एका हातात घेऊन जिना चढशील. शिवाय तुझ्या सिंगल फेजवर ते जुनं धूड धड चालणारही नाही. तेव्हा इन्व्हर्टरच घे, आणि नदीची पातळी वाढतेय असं कानावर आलं की आधी तो उचल.

त्याचा दुसरा शत्रू ग्राइंडर. मशीनचा पंखा हवा आत ओढतो, ग्राइंडरची लोखंडी पूड त्या हवेबरोबर जाऊन कार्डवर बसते आणि एक दिवस शॉर्ट करते. मशीन ग्राइंडरपासून लांब, उंचावर ठेव. महिन्यातून एकदा प्लग काढून कोरड्या हवेनं फुंक. आणि ज्या कंपनीचं कार्ड जयसिंगपूर किंवा इचलकरंजीत दुरुस्त होतं तीच कंपनी घे. मुंबईला पाठवावं लागणारं मशीन कितीही नामी असलं तरी लग्नसराईत, गेटाची घाई असताना, कुरिअरमध्ये असतं.

काही कामांना सरळ नाही म्हण. डिझेलची टाकी, रिकामं बॅरल, कितीही धुतलं तरी नाही. रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं नाही, ते कडक केलेलं पोलाद असतं, जोड ठिसूळ होतो आणि फिरताना तुकडा उडतो. उसाच्या ट्रॉलीची दांडी तर अजिबात नाही. मागं कित्येक टन ऊस आणि पुढं भर रस्ता. त्याला 7018 चे रॉड, तेही भट्टीत 300 अंशांच्या वर तापवून घेतलेले, आणि तसा हात लागतो. तुझ्या आयटीआयनं फिटरची दोन वर्षं शिकवली, हा हात नाही शिकवला.

डोळ्यांपुढची काच 11 नंबरची. डोळ्यांना वेल्डिंग लागलं तर दिवसा कळत नाही, मध्यरात्री डोळ्यांत वाळू टाकल्यागत होतं. आमच्या पिढीनं बटाट्याच्या चकत्या लावून रात्री काढल्या, तू डॉक्टरकडं जा. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडायच्या आधी जस्त घासून काढ, त्याच्या धुरानं थंडी वाजून ताप भरतो, दूध पिऊन काही होत नाही. शर्ट सुती घाल, टेरिकॉट अंगाला चिकटतं.

पुढच्या रविवारी ये. बिल आण, बोर्डाचा फोटो आण, आणि भंगारातनं 18 गेजच्या पाइपचे वीतभर दहा-बारा तुकडे उचलून आण. माझ्याकडं चौदा नंबरचे रॉड आहेत. सकाळीच ये, हल्ली रामायण नसतं.

तुझा
मामा

ता. क. आक्काला सांग, तुळशीचा स्टँड तू केलेला दुसरा ठेवायचा. पहिला मी बघितल्याशिवाय वर कुंडी ठेवू नका.